नळदुर्गचा टेलरसाहेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लष्करी अधिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लढाई उभी राहते. तलवार, तोफ, जिंकलेला किल्ला आणि छातीवरचं पदक. पण लढाई संपल्यावर किंवा तह झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलखात कोण बसतं? रयतेची फिर्याद कोण ऐकतं, सारा कोण ठरवतं, चोर कोण पकडतं? गणवेश अंगावर ठेवून हे मुलकी काम करणारे अधिकारी जगभर झाले. असा एक अधिकारी आपल्या धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गला, 1853 ते 1857 अशी चार वर्षं राहून गेला. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलरचा जन्म 1808 सालचा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये, तो मुंबईत उतरला तो शिपाई म्हणून नव्हे. एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करायला आला होता. पेढीची हालत ठीक नव्हती. मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका नातेवाइकानं खटपट करून त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली आणि हा पोरगा औरंगाबादच्या छावणीत दाखल झाला.

इथं एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही कंपनी सरकारची खडी फौज नव्हती. शिपाई इथले, वरचे अधिकारी इंग्रज आणि पगार निजामाच्या खजिन्यातून, असा तो मामला होता. कंपनीच्या फौजेतले अधिकारी या लोकांना आपल्या बरोबरीचे मानत नसत. बढती, निवृत्तिवेतन, मानमरातब या सगळ्यांतच फरक होता. टेलर जन्मभर या दुय्यम रांगेत उभा राहिला. मला वाटतं, त्याच्या स्वभावातला बराच चांगुलपणा या रांगेनंच घडवला. दुय्यम जागेवरच्या माणसाला हुकमापेक्षा समजूत जास्त कामाला येते.

त्यानं भाषा शिकायला घेतल्या. हिंदुस्थानी, फारसी, मराठी, पुढं इतरही. विशीच्या आतच त्याला काही काळ पोलिसाचं काम मिळालं. त्या काळात ऐकलेल्या ठगांच्या हकिगती पुढं त्याच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीत उतरल्या. ती 1839 मध्ये इंग्लंडात निघाली आणि खूप गाजली. 1840 पासून काही वर्षं तो लंडनच्या ‘टाइम्स’चा इकडचा वार्ताहरही होता. कायद्याची किंवा स्थापत्याची कुठलीच परीक्षा त्यानं दिलेली नव्हती. न्यायनिवाडा, तलाव, रस्ते हे सारं तो काम करता करता शिकला.

त्याची पहिली मोठी मुलकी कामगिरी शोरापूरची. हे बेडर राजांचं छोटं संस्थान, आज कर्नाटकच्या यादगीर जिल्ह्यात आहे. राजा व्यंकटप्पा नायक तेव्हा लहान मूल होता. 1841 पासून बारा वर्षं टेलरनं त्याच्या नावानं कारभार पाहिला, कर्जात बुडालेलं संस्थान रांगेला लावलं, तलाव बांधला. पोर त्याला ‘अप्पा’ म्हणायचं. हे नातं लक्षात ठेवा, पुढं त्याच्याकडं परत यायचं आहे.

1853 मध्ये राजा जाणता झाला आणि टेलर मोकळा झाला. त्याच वर्षी हैदराबादेत मोठी घडामोड झाली. फौजेच्या पगाराची बाकी साचत गेली होती. ती निजामाच्या अंगावर कर्ज म्हणून मांडून गव्हर्नर जनरल डलहौसीनं मे 1853 मध्ये तह करवून घेतला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. ज्या फौजेत टेलरनं नोकरी केली, तिच्याच खर्चासाठी घेतलेल्या मुलखावर तो उपायुक्त म्हणून आला.

तेव्हा जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाताना हा किल्ला आपण पाहिला असेल. काळ्या दगडाची तटबंदी, उंच उपळी बुरूज आणि बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा. त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 च्या सुमाराचं हे काम आहे. टेलर या किल्ल्यावर फिदा होता. आत्मचरित्रात त्यानं त्याचं तपशिलानं वर्णन केलं आहे.

मी बी.ए.पर्यंत शिकलेला, पुढं कवितेच्या वाटेला लागलेला माणूस. घरात दखनी आणि अंगणात मराठी बोलत वाढलो. त्यामुळं टेलरच्या जमाबंदीपेक्षा त्याच्या कानांचं मला जास्त कौतुक वाटतं. दोन्ही बोली कळणारा अधिकारी फिर्यादीसमोर दुभाष्याशिवाय बसू शकतो. दुभाष्या मध्ये आला की फिर्यादीची लांबी कमी होते आणि खर्च वाढतो, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

त्या कानांनी टिपलेलं बरंच काही त्याच्या ‘तारा’ या कादंबरीत आहे. ती 1863 ची. काळ शिवाजी महाराज आणि अफजलखान यांचा, 1657 च्या आसपासचा. गोष्ट सुरू होते आपल्या तुळजापुरात. तारा ही तिथल्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी. शेवटी तिला सतीच्या चितेपासून वाचवतो तो अफजलखानाचा मुलगा फाजल आणि तिच्याशी लग्न करतो. हा इतिहास नाही, निव्वळ कल्पना आहे. त्यात साहेबी नजरेचे दोषही आहेत. सती जाणारी विधवा आणि तिला वाचवणारा वीर हा युरोपी वाचकाच्या आवडीचा साचा होता. पण वैराच्या कथेत टेलरला दोन्हीकडची माणसं दिसली. देवीच्या गावातलं ब्राह्मणाचं घर आणि विजापूरच्या सरदाराचा वाडा, दोन्ही ठिकाणी तो पाहुण्यासारखा वावरतो. इथल्या वस्तीत राहिल्याशिवाय हे लिहिता येत नाही.

आता कडू भाग. 1857 मध्ये उठावाच्या बातम्या येऊ लागल्या आणि टेलरला नळदुर्गहून वऱ्हाडात, बुलढाण्याला जायचा हुकूम मिळाला. द्यायला सैन्य नाही, तुमचं तुम्ही निभावून न्या, असं वरून सांगण्यात आलं. त्यानं निभावलं. बंदूक न चालवता जिल्हा शांत ठेवला आणि उत्तरेकडं निघालेल्या इंग्रज फौजेला ओझ्याचे बैलही गोळा करून दिले. म्हणजे शांततेचा हा कारभारी युद्धाच्याच गाड्याला बैल पुरवत होता.

त्याच वेळी शोरापूरचा तो पोर, आता तरुण राजा, उठावात उतरला. फेब्रुवारी 1858 मध्ये तिथं लढाई झाली. राजा हैदराबादेत पकडला गेला. टेलर कैदखान्यात त्याला भेटला आणि सांगितलं की चिथावणी देणाऱ्यांची नावं सांग, म्हणजे शिक्षा हलकी होईल. राजानं नावं दिली नाहीत. मला फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच मागितलं. टेलरनं रदबदली केली. फाशी टळून कैदेवर आलं. पण कैदेच्या ठिकाणी नेत असतानाच वाटेत पहारेकऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा गेला. ती त्यानं स्वतःच झाडून घेतली असं मानतात. ही सारी हकिगत टेलरनंच लिहून ठेवली म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

माझ्या दृष्टीनं टेलरच्या कारकिर्दीचा खरा प्रश्न या कोठडीत उभा आहे. ‘अप्पा’ खरा होता, माया खरी होती, कारभार चोख होता. पण तो ज्या सत्तेचा माणूस होता, त्या सत्तेला राजाकडून फक्त नावं हवी होती, आणि ती मागायला तिनं अप्पालाच पाठवलं. भल्या माणसाचा भलेपणा सत्तेला असाही उपयोगी पडतो. एवढ्यावरून टेलरला ढोंगी म्हणणं मला पटत नाही. त्याच्या सचोटीवर भाळून कंपनीचं राज्य भलं होतं म्हणणं त्याहून पटत नाही.

1860 मध्ये प्रकृती ढासळल्यानं टेलर निवृत्त होऊन मायदेशी गेला. 1869 मध्ये राणीच्या सरकारनं त्याला ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब दिला. शेवटी डोळे गेले. तशाही अवस्थेत तो 1875 मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून हैदराबादला येऊन गेला. परतीच्या प्रवासात, मे 1876 मध्ये, फ्रान्समधल्या मेंतों गावी वारला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी त्याच्या मुलीनं छापून आणलं.

आणि नळदुर्ग? 1860 मध्येच नवा तह झाला. उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याचं बक्षीस म्हणून रायचूर आणि आपला मुलूख त्याला परत मिळाला. पुढं ठाणं धाराशिवला हललं, गावाला निजामाचं नाव लागलं, आणि 2023 मध्ये शहराला व जिल्ह्याला पुन्हा धाराशिव हे नाव मिळालं. 1853 मध्ये मुलूख देताना आणि 1860 मध्ये परत घेताना दोन्ही खेपेला सह्या झाल्या त्या हैदराबादेत आणि कलकत्त्यात. नळदुर्गच्या चावडीवर ज्यांची गाऱ्हाणी टेलरनं त्यांच्याच बोलीत ऐकून घेतली होती, त्या रयतेला मात्र तुम्हाला कोणाचा अंमल हवा, हे दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही. टेलरनंही नाही.