पाण्यावरचा पहारा कुणाचा?

पाथरी तालुक्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी मालवणच्या समुद्रात गेली चाळीस वर्षे धुमसणारा वाद इथल्या वाचकाला परका वाटू नये. जायकवाडीचा डावा कालवा याच तालुक्यातून वाहतो. तो ज्या नाथसागरातून निघतो, तिथे 1986 साली पक्षी अभयारण्य जाहीर झाले, आणि पुढच्याच वर्षी, 13 एप्रिल 1987 रोजी, मालवणचे सागरी अभयारण्य. दोन्हींमागे कायदा एकच, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. दोन्ही ठिकाणी पाण्यावर जगणारा समाज आधीपासून होता: इकडे भोई, तिकडे गाबीत. महाराष्ट्रात पाणी राखण्यासाठी कायदे कमी पडले असे मला वाटत नाही. कायदे आले, काही चांगलेही आले. पण राखणीचे काम ज्यांच्याकडे गेले त्यांचे पोट त्या पाण्यावर नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांना राखणीचा अधिकार कधी मिळालाच नाही. आजवरच्या अपयशाचे मूळ मला इथे दिसते.

कायद्यापूर्वी कोकणात पहारा नव्हता असे नाही. पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात ढकलायच्या नाहीत, हा दंडक सगळ्या किनाऱ्याने पाळला. यात माशांची काळजी कुठली, शिडाच्या होडीला खवळलेल्या दर्याची भीती होती, असे कुणी म्हणेल. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण विणीच्या दिवसांत समुद्राला उसंत मिळत होती, आणि दंडक मोडणारा गावाच्या नजरेतून सुटत नव्हता. रापणीचेही तसेच. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. दोराला वाडीतली माणसे लागतात आणि मासळीचे वाटे वाळूवरच पडतात. किती मासळी आली, कुठली आली, लहान किती, हे लपवायला जागाच नसते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालणाऱ्या धंद्याला वेगळा निरीक्षक लागत नाही.

यांत्रिक ट्रॉलर आला आणि हे बदलले. तो आपोआप आला नाही; 1952 च्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पापासून सरकारनेच यांत्रिक मासेमारीला बळ दिले, पुढे कर्जे आणि अनुदाने दिली. तळ खरवडणारे जाळे किनाऱ्याजवळ फिरू लागले तसे सत्तरच्या दशकात गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले. केंद्राने 1976 मध्ये मजुमदार समिती नेमली, 1979 मध्ये राज्यांसाठी नमुना विधेयक तयार झाले. गोवा आणि केरळने 1980 साली कायदे केले, महाराष्ट्राने 1981 साली. आपला सागरी मासेमारी नियमन अधिनियम ऑगस्ट 1982 पासून लागू झाला. परवाने, जाळ्यांवरील बंधने, काही भागांत 5 तर काही भागांत 10 वाव खोलीच्या आत ट्रॉलरला मज्जाव, हे सगळे त्यात आले. कागदावर काही उणे नव्हते. पण उल्लंघनाचा निवाडा गेला तहसीलदाराकडे. सातबारा, दुष्काळ, निवडणुका यांत बुडालेल्या अधिकाऱ्यासमोर दहा वाव पाण्यातला गुन्हा शाबीत व्हायचा होता. 720 किलोमीटरच्या किनाऱ्यासाठी केलेल्या कायद्याची ही रचना जवळपास चाळीस वर्षे टिकली.

मालवणच्या अभयारण्यात तीच चूक दुसऱ्या खात्याने केली. क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा. प्रवाळ, खडक, समुद्री शैवाल यांमुळे तो जपण्याजोगा आहे, याबद्दल वाद नाही. वाद झाला तो मच्छिमारांना विचारले नाही म्हणून. सागरी क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी, ही अट वन्यजीव कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने आली. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षे आधीची. अशा रीतीने, ज्या गाबितांना परप्रांतीय ट्रॉलर आपल्या दर्यातून हाकलायचा होता आणि म्हणूनच जे या अभयारण्याचे पहिले राखणदार व्हायला हवे होते, ते त्याचे विरोधक झाले. जंगलात नाके आणि पायवाटा राखणाऱ्या वनखात्याला समुद्रात ना नाका होता ना पायवाट.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. पर्ससीन जाळी बांगडा-तारलीचे थवेच्या थवे खालून आवळून उचलू लागली. डॉ. सोमवंशी समितीने 2012 साली धोक्याची घंटा वाजवली, पण शासनाचे निर्बंध 5 फेब्रुवारी 2016 रोजी आले, तेही 2015 मध्ये आचऱ्याच्या समुद्रात माणसे एकमेकांवर चालून गेल्यावर. प्रखर दिव्यांच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 साली बंदी घातली. अखेर 2021 साली राज्याने कायदा दुरुस्त केला: निवाडा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला, विनापरवाना पर्ससीनला 1 ते 6 लाख, तर एलईडीला 5 ते 20 लाख दंड ठरला. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे.

आता यंत्रे हे काम करतील, असे म्हटले जाते. जानेवारी 2025 पासून राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले, नौकेचा ठावठिकाणा कळवणारे ट्रान्सपाँडर बसवण्याची केंद्राची योजना आहे. मी यंत्रांच्या विरोधात नाही. रात्रीच्या दर्यावर माणसाची नजर पुरत नाही. पण ड्रोन छायाचित्र आणतो, नौका अडवत नाही, आणि ट्रान्सपाँडर बंद करता येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छोटा मच्छिमारही बारीक आसाची जाळी टाकतो, बंदीत गुपचूप बाहेर पडतो, मग त्याच्या हाती पहारा कसा द्यायचा? टाकतो, हे मान्य. म्हणूनच मोकळा अधिकार कुणाला देऊ नये. संस्थेला द्यावा, हिशेबासह द्यावा, आणि तिचा सभासद दोषी ठरला तर तो काढूनही घ्यावा. जपानने 1949 च्या कायद्याने किनाऱ्यावरील मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना दिले, त्याला आता पाऊणशे वर्षे झाली. अधिकार आला की जबाबदारीही अंगावर येते, हे तिथे दिसले आहे. दंड होणाऱ्या ट्रॉलर-पर्ससीनवरचे तांडेल-खलाशीही गरीबच, हेही खरे. पण बहुतेकदा दंड भरायचा तो नौकेच्या मालकाने, आणि त्या मालकाची गुंतवणूक रापणीच्या वाडीला परवडणारी नसते.

गोदावरीकाठीही चित्र वेगळे नाही. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्याला ब्रिटिश हिंदुस्थानात 1897 च्या कायद्याने बंदी होती. त्या वेळी पाथरी निजामाच्या राज्यात होती. आज महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, 1960 इथेही लागू आहे. पण ढालेगावच्या बंधाऱ्यात रात्री कुणी काय सोडले, हे सगळ्यांत आधी कळते ते काठावरच्या भोयाला, आणि त्याच्या हाती तक्रारीपलीकडे काही नसते. समुद्रातही नौका अडवण्याचा, जप्त करण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याचाच. विधिमंडळाने 2021 साली निवाडा तहसील कचेरीतून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणला. आता पुढची दुरुस्ती करावी: प्रत्येक गस्ती नौकेवर त्या किनाऱ्याच्या मच्छिमार संस्थेचा माणूस अधिकाराने असावा, त्याचा पंचनामा पुरावा म्हणून ग्राह्य धरावा आणि वसूल झालेल्या दंडातला वाटा त्या संस्थेला मिळावा. नाथसागर आणि ढालेगावसाठीही हीच मागणी मराठवाड्यातल्या आमदारांनी सभागृहात मांडावी.