ऑक्सफर्डहून इंदुरास

परदेशी जाऊन विद्या संपादन करणे ही गोष्ट आज मध्यमवर्गीय घरातही नवलाची राहिलेली नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी माणसाला समुद्र ओलांडावयाचा म्हणजे धर्म, जात आणि पैसा अशा तीन वेशी आधी ओलांडाव्या लागत. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लरचा मान मिळविला. इंदुरापासून जेमतेम तेवीस किलोमीटरवर, महूच्या छावणीत १८९१ साली जन्मलेले भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांना सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची या करारावर.

या कथांतून जावे कसे, हा प्रश्न आपल्यापुढे येतो. त्याच्या पाठीमागे उभा असलेला दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. परत येताना आणावयाचे काय, आणि आणलेले द्यावयाचे कोणाला? या दुसऱ्या प्रश्नाची काही उत्तरे इंदूरच्या इतिहासात सापडतात. ती एकमेकांहून इतकी निराळी आहेत की, ती शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरावे.

पहिले उत्तर राजवाड्यातले आहे. यशवंतराव होळकर यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. त्यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये झाले आणि त्यानंतर ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गेले. दरम्यान घरी मोठी उलथापालथ झाली होती. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्या प्रकरणात इंदूर दरबाराचे नाव गोवले गेले, आणि चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीराव महाराजांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी गादीचा त्याग केला. सतरा वर्षांचा मुलगा संस्थानिक झाला. कारभार सिरेमल बापना यांच्या प्रमुखत्वाखालील मंत्रिमंडळाकडे राहिला आणि नवा राजा आपला अभ्यास पुरा करू लागला. संपूर्ण राज्याधिकार त्याच्या हाती आले ते १९३० च्या मे महिन्यात.

असा हा विद्यार्थी. त्याला साडेअकरा पौंडांत महिना भागवावयाचा नव्हता. परतल्यावर नोकरी करण्याचा करार त्याच्यावर नव्हता. पदवी मिळाली काय अन् न मिळाली काय, त्याचे आसन अढळ होते. परंतु त्याच्या खर्चाचा पैसा शेवटी माळव्याच्या काळ्या जमिनीतूनच येत होता. करार नव्हता म्हणून ऋण नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही.

ऑक्सफर्डने त्याला काय दिले? गुणपत्रिकेत मावणार नाही अशी एक गोष्ट दिली; ती म्हणजे दृष्टी. पहिल्या महायुद्धानंतरचा युरोप तेव्हा जुन्या नक्षीकामाला रामराम ठोकून सरळ रेषा, पोलाद, काच आणि मोकळी जागा यांच्या नादी लागला होता. १९२९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये यशवंतरावांचा एकार्ट मुथेसिउस या जर्मन तरुणाशी स्नेह जुळला. एक एकवीस वर्षांचा, दुसरा पंचविशीतला. मुथेसिउसचे वडील हेर्मान हे जर्मनीतील नामांकित वास्तुविशारद व लेखक; मुलगाही त्याच वाटेने चालला होता. पॅरिसमध्ये आंरी-पिएर रोशे हा कलाजगताचा जाणकार वाटाड्या त्यांना भेटला. एरवी संस्थानिक युरोपात गेला की घोडे, मोटारी आणि जडजवाहीर घेऊन परते. हा तरुण मात्र चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या कार्यशाळांचे उंबरे झिजवू लागला. एवढ्यावरून तरी त्याला चैनी राजपुत्र म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल.

याच मैत्रीतून इंदूरचा माणिकबाग प्रासाद उभा राहिला. १९३० ते १९३३ या काळात मुथेसिउसने तो बांधला. भारतातील राजवाड्यांना तेव्हा घुमट, छत्र्या आणि कमानी यांचे वेड होते. माणिकबागेत त्यातले काही नाही. धातूच्या चौकटींच्या खिडक्या, रंगीत काच, वातानुकूलन, भिंतीत बसविलेले दिवे, आणि दाराच्या मुठीपर्यंत एकाच हाताने आखलेली रचना. मुथेसिउसने स्वतः आखलेले सामान जर्मनीत तयार होऊन समुद्रमार्गे आले. त्याच्या जोडीला आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए आणि रुलमान यांसारख्या युरोपातील अग्रणी कलावंतांची आसने आणि मेजे आली. दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे अंथरले गेले. जगात त्या काळी अशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतले एक माळव्यात उभे राहिले, हा एका विद्यार्थ्याच्या डोळ्याचा पराक्रम होय.

बर्नार बुते द मॉनव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन चित्रे काढली आहेत. १९२९ च्या चित्रात काळ्या पाश्चात्त्य पोशाखातला उंच, सडपातळ तरुण उभा आहे. त्यानंतर चारपाच वर्षांनी पुरे झालेल्या दुसऱ्या चित्रात तोच पुरुष पांढऱ्याशुभ्र मराठी वेषात, डोक्यावर होळकरी पगडी घालून गादीवर बसलेला आहे. दोन्ही चित्रांतील चेहरा एकच, आणि चित्रकारही एकच. परंतु ऑक्सफर्डचा विद्यार्थी आणि इंदूरचा धनी यांना एकाच चित्रात बसविणे त्यालाही जमले नाही, किंवा त्याला तसे करावेसे वाटले नाही. पुढचा सारा इतिहास त्या दोन चौकटींमधल्या अंतराचा आहे.

संयोगिताबाई या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. पतीच्या या हौसेत त्या बरोबरीच्या भागीदार होत्या. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये, ऐन तारुण्यात, त्यांचे निधन झाले. त्यापूर्वीच महाराजांनी कॉन्स्टन्टिन ब्रांकुझी या थोर शिल्पकाराची तीन पक्षीशिल्पे घेतली होती. एक ब्राँझचे, एक काळ्या संगमरवराचे आणि एक पांढऱ्या. या तीन पक्ष्यांसाठी इंदुरास एक ध्यानमंदिर बांधावे, अशी योजना होती. त्या कामासाठी ब्रांकुझी १९३७-३८ च्या हिवाळ्यात स्वतः इंदुरास येऊन राहिला. परंतु महाराजांचे मन त्यात उरले नव्हते. शिल्पकार परत गेला आणि मंदिर कागदावरच राहिले.

यशवंतरावांनी राज्यकर्ता म्हणून काहीच केले नाही असे नव्हे. गंभीर नदीवरचा यशवंतसागर १९३९ साली पुरा झाला आणि इंदूर शहराची तहान भागवू लागला. तथापि युरोपात कमावलेली कलादृष्टी माणिकबागेच्या फाटकाबाहेर पडली नाही. आसनांची घडण बर्लिन-पॅरिसला झाली. इंदूरच्या सुताराला त्या घडणीचे मर्म कळण्याची संधी आली नाही. त्या वास्तूतून वास्तुकलेची शाळा निघाली नाही. वस्तू आली, ती घडविण्याची विद्या मागेच राहिली. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९६१ साली महाराज मुंबईत निवर्तले, आणि पुढे प्रासाद शासनाकडे जाऊन तेथे केंद्रीय करखात्याची कचेरी बसली. सामानाचा मोठा भाग १९८० साली मोनॅकोच्या लिलावात जगभर विखुरला. दोन संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने विकत घेतले. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात आहे.

यशवंतराव ऑक्सफर्डला शिकत होते, नेमक्या त्याच वर्षांत इंदुरात एक उलटा प्रवास चालू होता. केंब्रिजला शिकलेला आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ साली इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेचा संचालक झाला. दरबाराने संस्थेला जमीन दिली होती. १९०५ पासून हिंदुस्थानात काम करणाऱ्या हॉवर्डची अशी धारणा बनली होती की, येथल्या शेतकऱ्याला शिकविण्याआधी त्याच्याकडून शिकले पाहिजे. पिकांचा पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, ओल राखावयाची, ठराविक दिवसांनी परतावयाचे, आणि सुमारे तीन महिन्यांत खत काढावयाचे, अशी रीत त्याने आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह शास्त्रशुद्ध केली. या कामावरचे दोघांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. प्रकाशक होते ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रणालय!

हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एक यशवंत ऑक्सफर्डहून इंदुरास वस्तू आणीत होता, तर दुसऱ्या यशवंताचे इंदुरातले ज्ञान ऑक्सफर्डच्या छापखान्यातून जगात जात होते. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ते खत केनियातील कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोहोचले. परदेशी विद्येला इथल्या मातीचा आणि इथल्या माणसाचा हात लागला, तेव्हाच ती पुन्हा प्रवासाला निघण्याइतकी जिवंत झाली.

तिसरे उत्तर एका चित्रकाराचे आहे. नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म १९१० साली इंदुरात झाला. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या इंदूरच्या कलाशाळेत ते शिकले. मकबूल फिदा हुसेनही काही काळ याच शाळेत होते. विद्यार्थ्यांनी उघड्यावर जाऊन निसर्गचित्रे रंगवावीत, असा गुरुजींचा आग्रह असे. माणिकबागेत जर्मनीहून सामान उतरत होते, त्याच सुमारास त्याच शहरात देवळालीकरांचे विद्यार्थी ऊन-सावलीचा धडा गिरवीत होते. राजवाडा आणि शाळा यांमध्ये अंतर फार नव्हते, पण वाटही नव्हती.

बेंद्रे १९४७ साली अमेरिकेस गेले. तेव्हा ते सदतिसाव्या वर्षात होते आणि चित्रकार म्हणून त्यांचे नाव झालेले होते. तरीही न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये आर्मिन लँडेक यांच्या हाताखाली मुद्राचित्रणाचे तंत्र शिकण्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९४८ साली त्यांनी तेथे आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरविले आणि युरोपातील संग्रहालये पाहून ते स्वदेशी परतले. बरोबर आणलेले सामान थोडे असेल. पण १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकलेचे अध्यापन हाती घेतल्यावर त्यांनी ते मुक्तहस्ताने वाटले. १९६६ पर्यंत ते तेथे होते. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, हकू शाह ही त्यांच्या शिष्यांची नावे आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासात आज अटळ आहेत. त्यांतले ज्योती भट्ट मुद्राचित्रकार म्हणून पुढे आले, आणि तेही शिकण्यासाठी न्यूयॉर्कला जाऊन आले.

येथे इंदूरकराच्या मनाला थोडे लागावे अशी एक गोष्ट आहे. महूला जन्मलेल्या भीमरावांना परदेशी पाठविले बडोद्याने. इंदुरात घडलेल्या बेंद्र्यांच्या विद्येला वर्ग दिला तोही बडोद्याने. माळव्यात गुणांची उणीव नव्हती आणि पैशाचीही नव्हती. उणीव होती ती शिकून आलेल्याची विद्या चार जणांत रुजवील अशा संस्थेची. राजाजवळ दृष्टी होती, शाळेजवळ गुरू आणि विद्यार्थी होते. त्या दोहोंची गाठ पडली असती, तर आधुनिक भारतीय कलेचे एक पीठ कदाचित इंदुरात दिसले असते. म्हणूनच परदेशी निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा हिशेब केवळ त्याच्याकडून घेणे अपुरे आहे. तो परत येईल तेव्हा त्याच्यासाठी काय मांडून ठेवले आहे, हे त्याच्या गावालाही विचारले पाहिजे.

२०१९ साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने यशवंतराव होळकरांच्या कलाप्रेमावर मोठे प्रदर्शन भरविले. माणिकबागेतील आसने, गालिचे आणि छायाचित्रे ठिकठिकाणांहून पुन्हा एकत्र आली, पण ती इंदुरात नव्हे, पॅरिसमध्ये. इंदूरच्या राजाचे घर आतून कसे होते, हे पाहावयास इंदूरच्या विद्यार्थ्याला परदेशी जावे लागावे, अशी वेळ आली. इंदूर पद्धतीचे खत पाहावयास मात्र कोणाला समुद्र ओलांडावा लागत नाही. पालापाचोळ्याचे आणि शेणाचे थर रचून शेताच्या कडेला मुरत ठेवलेला तो काळसर खड्डा माळव्यातला कोणताही शेतकरी दाखवू शकेल. त्यात केंब्रिजची किती विद्या मुरली आहे आणि त्याच्या आजोबांची किती, हे मात्र आता त्यालाही वेगळे करून दाखविता येणार नाही.