भाड्याचे घर : देखभाल व दुरुस्ती
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) नुसार भाड्याचे घर राहण्याजोगे ठेवणे, म्हणजे गळके छप्पर किंवा पडका जिना दुरुस्त करणे, हे घरमालकाचे काम. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती करून घेता येते व खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. जुन्या चाळींतील नाममात्र भाड्यात एवढ्याने प्लॅस्टरही होत नाही. ही तरतुदीची मोठी उणीव. भाडेकरूने घर जपून वापरावे. नेहमीच्या वापरातील झीज त्याच्या माथी मारता येत नाही. लेखी संमतीविना पक्के बांधकाम केल्यास घर सोडावे लागू शकते. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा मात्र पक्क्या बांधकामात धरत नाहीत.