वाल, पावटा, घेवडा: एकच वेल की तीन वेगळ्या?

थंडीत बाजारात शेंगांचे ढीग दिसू लागले की समाजमाध्यमांवर एक वाद हमखास रंगतो. कुणीतरी डाळिंब्यांच्या उसळीचा फोटो टाकतं आणि खाली सुरू होतं. अलिबागचा माणूस म्हणतो वाल, साताऱ्याचा म्हणतो पावटे, तिसरा म्हणतो आमच्याकडे या वेलाला घेवडाच म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बहुतेक वेळा तिघंही बरोबर असतात. खरा घोळ आहे तो 'घेवडा' या शब्दात आणि त्याहून जास्त इंग्रजी नावांत.

या वनस्पतीचं शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस. लिनियसने १७५३ मध्ये तिला डॉलिकॉस लॅबलॅब म्हटलं होतं आणि जुन्या मराठी-इंग्रजी पुस्तकांत तेच नाव सापडतं. पुढे तिची वेगळी प्रजाती, म्हणजे 'लॅबलॅब', मान्य झाली. मग नाव 'लॅबलॅब लॅबलॅब' व्हायला हवं होतं, पण वनस्पतींच्या नामकरणात असं जोडनाव चालत नाही. (प्राण्यांच्या बाबतीत मात्र चालतं!) म्हणून लिनियसनेच नंतर वापरलेलं 'पर्प्युरियस', म्हणजे जांभळा, हे विशेषण पुढे आलं. पांढऱ्या फुलांचा पावटासुद्धा शास्त्रात जांभळाच ठरतो, तो असा.

हिचे रानटी भाऊबंद आफ्रिकेत आहेत, पण भारतातही ती फार जुनी. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननात तिचे दाणे मिळाले आहेत. आयुर्वेदातला 'निष्पाव' तो हाच. कन्नडमध्ये अवरे, तमिळमध्ये अवरै किंवा मोच्चै, तेलुगूत चिक्कुडु, हिंदीत सेम, बंगालीत शिम. गुजरातीत मात्र आपल्यासारखंच वाल, आणि उंधियोत पडणारी सुरती पापडी म्हणजे याच वेलाची कोवळी शेंग.

मराठीतली नावं वनस्पतीपेक्षा वापरावर जास्त बेतलेली आहेत. रायगड भागात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर जे लहान, तपकिरी, किंचित कडवट दाण्याचं पीक घेतात, ते कडवे वाल. त्यांना मोड आणून सोललं की डाळिंब्या, शिजवलं की बिरडं, आणि शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासह भाजल्या की पोपटी. घाटावर फिकट, टपोऱ्या दाण्याला पावटा म्हणतात. परसातल्या मांडवावर चढणारा, रुंद चपट्या शेंगांचा तो घेवडा किंवा वालपापडी. हे सगळे एकाच जातीचे वाण आहेत, जसे हापूस आणि पायरी दोन्ही आंबेच.

घेवडा कधी वाल नसतो?

'श्रावण घेवडा' म्हणजे फरसबी. ती आणि राजमा ही एकच जात आहे, फॅसिओलस व्हल्गॅरिस, आणि तिचं मूळ अमेरिका खंडात. भौगोलिक मानांकन मिळालेला, साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडाही याच जातीचा, म्हणजे राजम्याचा सख्खा. म्हणून दुकानात कोरडा 'घेवडा' मागितला तर गावागणिक वेगळी वस्तू हातात पडू शकते.

ओळखायची सोपी खूण दाण्यावर आहे. वाल-पावट्याच्या दाण्याच्या कडेला पांढरी, उठून दिसणारी लांब रेघ असते, चिमुकल्या तुऱ्यासारखी. राजम्याला तिथे फक्त छोटा डोळा असतो. वेल फुलावर असेल तर आणखी सोपं: वालाच्या फुलांचे तुरे पानांच्या वर ताठ उभे राहतात. फुलातली होडीसारखी पाकळी वालात काटकोनात वळलेली असते, तर फरसबीत स्प्रिंगसारखी पिळलेली.

भाषांतरात होणारा धोका

भारतात वालाला इंग्रजीत 'फील्ड बीन' म्हणतात. शेतकी पुस्तकांत तेच, परदेशातल्या भारतीय दुकानांतल्या पाकिटांवरही बहुधा तेच. पण ब्रिटनमध्ये 'फील्ड बीन' म्हणजे विसिया फाबा, आपला बाकळा, ज्याला 'फावा' किंवा 'ब्रॉड बीन' म्हणतात. पाककृतीच्या व्हिडिओंत तर वालाला सर्रास फावा म्हटलं जातं.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तीने बाकळा खाल्ला तर त्यातल्या व्हायसिन आणि कॉनव्हायसिन या घटकांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी झपाट्याने फुटू शकतात. लहान मुलांत हे जिवावर बेतू शकतं. अशा मुलाच्या पालकांना 'फावा टाळा' असं सांगितलेलं असतं. घरी त्याचं भाषांतर 'वाल टाळा' असं झालं, तर बाकळ्याचं पाकीट बिनधोक समजून उघडलं जाण्याची भीती आहे. अशा घरात डॉक्टरांना प्रत्यक्ष दाणे दाखवा किंवा शास्त्रीय नाव सांगून विचारा, आणि पाकिटावरच्या इंग्रजी नावावर विसंबू नका. 'लीलवा' या शब्दावरही नको, कारण गुजरातीत तो हिरव्या तुरीच्या दाण्यांसाठीही वापरतात.

वाल स्वतः अगदी निरुपद्रवी आहे असंही नाही. त्याच्या कोरड्या दाण्यांत सायनाइड तयार करू शकणारी संयुगं असतात, म्हणून ते कच्चे खायचे नसतात. रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवायचे. राजमा आणि वाघ्या घेवड्यात वेगळंच विष असतं, लेक्टिन नावाचं प्रथिन. ते मंद आचेवर नष्ट होत नाही, त्यामुळे भिजवलेला राजमा किमान दहा मिनिटं खळखळ उकळला पाहिजे. थेट स्लो कुकरमध्ये टाकलेला अर्धाकच्चा राजमा खाऊन उलट्या-जुलाब होतात. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवणाऱ्यांना ही काळजी नाही.