गावाचे दप्तर आणि फाइलींचा क्रम

डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावाचे महसुली दप्तर स्कॅन होऊन एका फोल्डरमध्ये आले, की प्रश्न उरतो तो क्रमाचा. कमांड लाइनवर ‘एलएस’ म्हटले की यादी समोर येते. मात्र ती कोणत्या निकषावर लागली, हे कळल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मुख्य निकष तीन: काळ, आकार आणि नाव.

१. काळ. ‘एलएस -टी’ शेवटच्या बदलाची वेळ पाहते आणि नवी फाइल आधी दाखवते. ही वेळ फाइलीची असते, कागदाची नव्हे. जुना फेरफार आज स्कॅन केला तर तो आजचा ठरतो. साध्या ‘सीपी’ने काढलेल्या प्रतीलाही प्रत काढल्याचीच वेळ लागते, मूळ वेळ राखायची तर ‘सीपी -पी’ वापरावे. म्हणून कागदाची तारीख नावातच हवी, तीही वर्ष-महिना-दिवस अशी. उदाहरणार्थ, डहाणूचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. ‘०१-०८-२०१४’ हे नाव ‘०२-०१-१९९९’च्या आधी बसते, ‘२०१४-०८-०१’ मात्र ‘१९९९-०१-०२’नंतर येते. असे लिहिले की ठाण्याच्या काळातले कागद कुठे संपले, ते यादीतच दिसते.

२. आकार. कॅपिटल ‘एस’चा पर्याय मोठी फाइल आधी दाखवतो. त्याला ‘-आर’ जोडला की क्रम उलटतो आणि शून्य बाइटचे फसलेले स्कॅन वर येतात.

३. नाव. खरी गुंतागुंत इथे आहे.

(अ) अंक. महसुली दप्तराचे ठरावीक तक्ते म्हणजे गाव नमुने १ ते २१. नावे अक्षरशः लावली तर १ नंतर १०, ११, १२ येतात. परिणामी सातबाऱ्यातला बारा चौथ्या जागी आणि सात थेट एकोणिसाव्या जागी जातो. लिनक्सवरील ‘-व्ही’ पर्याय हे दुरुस्त करतो, पण तो फक्त इंग्रजी आकडे संख्या म्हणून ओळखतो. देवनागरी आकड्यांसाठी ०७, १२ असे शून्य लावणे हाच खात्रीचा उपाय.

(आ) अक्षरे. ‘सी’ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे यंत्रातली भाषा-नियमांची मांडणी) क्रम युनिकोडच्या संकेतांकांवर ठरतो. तिथे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून ‘सी’ लोकेलमध्ये ‘मळेजमीन’ ही ‘महसूल’च्या आधी लागते. क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष असल्याने ‘क्षेत्र’ हे ‘कैनाड’नंतर पण ‘खातेदार’च्या आधी बसते. इतर लोकेलमध्ये नियम त्यांच्या तक्त्यातून येतात आणि ते यंत्रागणिक बदलू शकतात.

निष्कर्ष असा, की आज्ञा क्रम लावते, पण तो ठरतो नाव देताना. जमिनीचा कागद शोधायला आलेल्या खातेदाराचा वेळ वाचवायचा असेल, तर गावाचे नाव, दोन अंकी नमुना क्रमांक आणि उलटी तारीख ही रचना पहिल्याच फाइलीपासून पाळावी. मग यंत्र कोणतेही असो, एका गावाचे नमुने आणि त्यांच्या तारखा आपल्या क्रमातच राहतील.