पोलिश मुलांची शुश्रूषा : बालाचडी, वळिवडें व पांचगणी

धर्मग्रामाच्या महोत्सवी पुस्तिकेंत देवळाच्या बांधणीचा व पूर्वींच्या धर्मगुरूंचा वृत्तांत यावा, हें उचितच होय. तथापि दुसऱ्या महायुद्धांत आपल्याच श्रद्धेचीं परदेशी मुलें या देशांत, आपल्या मराठी मुलखांतही, कृश होऊन आलीं व येथें पुन्हां उभीं राहिलीं, ही हकीकतही वाचकांच्या स्मरणांत असावी असें आम्हांस वाटतें. म्हणून ती थोडक्यांत देत आहों.

१९३९ सालच्या सप्टेंबरांत जर्मनीनें पश्चिमेकडून व सोव्हिएट रशियानें पूर्वेकडून पोलंड व्यापिला. १९४० व १९४१ सालीं पूर्व पोलंडमधील लाखों माणसें सैबेरिया, कझाकस्तान इत्यादि दूरच्या प्रदेशांत हद्दपार झालीं. १९४१ च्या जुलै महिन्यांत पोलंडचें परागंदा सरकार व रशिया यांचा करार होऊन सुटकेची वाट उघडली. परंतु दक्षिणेकडे उझबेकिस्तानांत उतरलेल्या त्या उपाशी समुदायांत टायफस, आमांश व हिवताप यांनीं कहर केला. कित्येक मुलांचे आईबाप तेथेंच मातीआड झाले.

१९४२ सालीं कास्पियन समुद्र ओलांडून जीं माणसें इराणांतील पहलवी बंदरीं उतरलीं, त्यांची पहिली चिकित्सा समुद्रकिनाऱ्यावरच झाली. डोकीं भादरलीं, जुने कपडे जाळले, स्नानें घालून नवीं वस्त्रें दिलीं. हें कठोर भासेल. परंतु विषमज्वराहून निराळा असलेला टायफस अंगावरील उवांमुळें पसरतो, आणि उवांचा नायनाट केल्यावांचून त्याची सांथ हटत नाहीं. दुसरा धडा अधिक दुःखाचा होता. दीर्घकाळ रिकाम्या राहिलेल्या पोटांत एकाएकीं मांसाचें चरबीयुक्त अन्न गेलें, आणि उपासमारींतून वांचलेलीं कित्येक माणसें अन्नानेंच दगावलीं. भुकेल्यास अन्न द्यावें हें दयेचें कृत्य खरें. पण त्यासही पथ्य असतें, हें तेथें दिसून आलें.

मुलांची एक तुकडी मात्र समुद्रमार्गानें न येतां अशकाबादहून मशहदमार्गें मोटारलॉऱ्यांनीं हिंदुस्थानाकडे निघाली. मुंबईस आल्यावर या मुलांना प्रथम वांद्र्यास विसांवा मिळाला. पुढें १९४२ च्या जुलैंत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं आपल्या संस्थानांत बालाचडी येथें त्यांच्यासाठीं छावणी उघडली व आपणांस बापच समजा, असें त्यांना सांगितलें. छावणीचा कारभार फादर प्लुता पाहत. जीवनसत्त्वांच्या अभावीं रातांधळेपणा येतो व हिरड्या सुजतात. अशा वेळीं पालेभाजी हेंच औषध. तथापि पालकाच्या भाजीस मुलें इतकीं विटलीं कीं त्यांनीं ती खाण्याचें नाकारलें, आणि जामसाहेबांनीं ती बंद करविली, अशी आठवण तीं मोठेपणीं सांगत असत.

१९४३ सालीं कोल्हापूरनजीक पंचगंगेकांठीं वळिवडें येथें मोठी वसाहत उभी राहिली. तेथें सुमारें ५,००० पोलिश लोक राहिले; त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेंच होतीं. बालाचडीची छावणी १९४६ सालीं बंद झाल्यावर तेथील मुलेंही येथें आलीं. वसाहतीस स्वतःचें इस्पितळ होतें. ज्यांच्या फुप्फुसांस क्षयाची भीति असे, त्यांच्यासाठीं पांचगणीस आरोग्यकेंद्र होतें. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं नुकतेंच शोधलें गेलें होतें; तें या मुलांच्या हातीं कोठून येणार? स्वच्छ हवा, विश्रांति आणि सकस आहार एवढाच त्या काळचा उपचार.

येथें आम्हांस मुख्य गोष्ट सांगावयाची आहे ती ही. इस्पितळानें ताप उतरतो. परंतु ज्या मुलाच्या डोळ्यांदेखत आई गेली, त्याचें मन औषधानें भरून येत नाहीं. वळिवड्यास बालवर्गापासून उच्च वर्गांपर्यंत शाळा होत्या. देऊळ होतें, बालवीरांचीं पथकें होतीं, गायन व नाटकें होतीं. ठराविक वेळीं उठणें, स्नान, जेवण, धडा, प्रार्थना व निद्रा या नित्यक्रमानें उद्यांचा दिवस उगवेल असा विश्वास मुलांच्या ठायीं परत आला. शाळा हाही त्यांच्या उपचाराचाच भाग होता.

सर्वच वांचले नाहींत. १९४८ सालीं वसाहत मोडली. कोणी पोलंडास परतले, पुष्कळ इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशीं गेले. वसाहतीच्या जागीं सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं घरें केलीं; तेंच आजचें गांधीनगर. परंतु कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत पोलिश नांवांच्या समाधी अद्याप आहेत. त्यांचे आप्त दूर देशीं राहिले. नोव्हेंबरांत आपण आपल्या मृतांसाठीं मिस्सा अर्पितों, त्या वेळीं यांचेंही स्मरण करावें. आणि ज्यांस कोल्हापुरास जाण्याचा योग येईल, त्यांनीं त्या समाधींपाशीं एक मेणबत्ती लावावी, अशी आमची विनंति आहे.