मदतीच्या हातापूर्वीची पाहणी : किल्लारी भूकंपाच्या संदर्भात एक चिंतन

प्रस्तावना :
जखमीला हात लावण्यापूर्वी घटनास्थळ मदतकर्त्यासाठी सुरक्षित आहे काय, हे पाहावे, हा प्रथमोपचाराचा पहिला नियम होय. मदतकर्ताच जखमी झाला तर जखमींची संख्या वाढते आणि मदतीचे हात घटतात. मराठवाड्यात या नियमाची कठोर कसोटी ३० सप्टेंबर १९९३ रोजी लागली. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा विचार केला आहे.

घरांची रचना आणि धोका :
अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली. येथील घरांच्या रुंद भिंती दगड-मातीच्या होत्या आणि वर माळवदाचा मातीचा जड थर होता. भिंतीचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी बांधलेले नसल्यामुळे हादऱ्याने ते सुटे झाले. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला, भिंत मात्र ढासळली. उरलेला अर्धवट थर पुढच्या हादऱ्यात कोसळू शकत होता. अरुंद बोळांत मागे हटण्यासही जागा नव्हती.

नियम आणि वास्तव :
अशा प्रसंगी कललेली भिंत, लोंबणारी तुळई, विजेची तार आणि परतीची वाट पाहूनच ढिगाऱ्याकडे जावे, असे शास्त्र सांगते. परंतु पहिले मदतकर्ते प्रशिक्षित पथकातील नव्हते. ते शेजारी आणि नातलग होते. ढिगाऱ्याखालून ओळखीचा आवाज येत असताना त्यांनी थांबावे, अशी अपेक्षा करणे अमानुष ठरेल. म्हणून त्यांच्या धाडसाला अज्ञान म्हणणे हा इतिहासाचा अन्याय होईल.

खरा प्रश्न पाहणी केव्हा व्हावयास हवी होती, हा आहे. या भागात १९९२ पासूनच धक्के जाणवत होते आणि १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत उल्लेखनीय होता. भिंतींचा दोष त्या वेळीही डोळ्यांसमोर होता. भूकंपानंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले आणि इतरत्र घरांच्या मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबविण्यात आला. म्हणजे धोक्याची पाहणी झाली, पण जीवितहानीनंतर.

निष्कर्ष :
२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणे आली आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. तरीही पुण्याजवळील तुकडीला मराठवाड्यातील गाव गाठण्यास काही तास लागणारच. पहिला तास गावाचाच असतो. हा प्रश्न लातूरपुरता नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेल्या ४.५ क्षमतेच्या भूकंपाचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला. म्हणून सुरक्षिततेची पाहणी शांततेच्या काळात, उभ्या भिंतींपाशीच सुरू व्हावी आणि तिचे शिक्षण गावातील तरुणांना व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळावे. जो निर्णय ढिगाऱ्यासमोर घेणे माणसाला अशक्य होते, त्याची तयारी आधी करून ठेवणे हीच किल्लारीची शिकवण होय.